शिक्का की लिफाफा

आमच्या डिचोलीत परदेशी जाणं म्हणजे आखातात जाणं. त्यामुळे आम्ही कॅनडाचा विचार करतोय हे घरी सांगितल्यावर मामाने थंडी किती, नोकरी कसली, काही विचारलं नाही. म्हणाला, "बाय, सर्टिफिकेटांवर शिक्के मारून घेतलेस?"

मामा १९८२ चा बी. कॉम. पदवी मुंबई विद्यापीठाची, कारण गोवा विद्यापीठ सुरू झालं १९८५ मध्ये आणि तोवर आमची कॉलेजं मुंबईलाच जोडलेली होती. कुवेतला जाताना त्या पदवीच्या पाठीवर सरकारी शिक्के चढत गेले, शेवटचा दूतावासाचा. १९९० मध्ये इराकने कुवेत घेतल्यावर तो अम्मानमार्गे परत आला तेव्हा टीव्ही, फ्रीज सगळं तिथेच राहिलं, पदवी मात्र शर्टाच्या आत होती. अजूनही कुणी विषय काढला की तो ती आणून दाखवतो. पुढची बाजू नव्हे, मागची.

अशा घरातल्या मुलीला म्हापशातल्या एका एजंटाने "आधी ओरिजिनलवर अपोस्टील" (म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून सरकार करून देतं ते प्रमाणन) असं सांगितलं तर तिला ते पटणारच. मला पटलं. अडचण एकच होती, माझी प्रत्येक गुणपत्रिका लॅमिनेट केलेली. ही बाबांची करामत. शेजारच्या चुलतभावाची सर्टिफिकेटं एका पावसाळ्यात कपाटातच बुरशीने काळी पडली, तेव्हापासून आमच्या घरात कागद आला की तो आधी स्टेशनरीच्या दुकानात प्लास्टिकमध्ये जातो. आणि प्लास्टिकवर शिक्का उमटत नाही.

मग एका रविवारी मी आणि नवरा जेवणाच्या टेबलावर हेअर ड्रायर घेऊन बसलो. कोपरा गरम करायचा, नखाने उचलायचा, पुन्हा गरम करायचा. पहिल्या वर्षाची गुणपत्रिका बऱ्यापैकी सुटली. दुसऱ्या वर्षाची अर्ध्यापर्यंत आली आणि मग कागदाचा वरचा पापुद्राच प्लास्टिकला चिकटून निघाला. त्यासोबत भौतिक रसायनशास्त्राचे गुण गेले आणि परीक्षा नियंत्रकांची अर्धी सही गेली. ते गुण गेले याचं मला फारसं दुःख नव्हतं, पण दुय्यम गुणपत्रिकेचा अर्ज करावा लागला.

हा सगळा खटाटोप व्यर्थ होता हे कळलं ते त्या रात्री कॅनडा सरकारचं संकेतस्थळ पहिल्यांदा स्वतः वाचल्यावर. (आधी का नाही वाचलं, हा प्रश्न नवऱ्याने विचारून झालाय.) त्यांना हवी असते ती ईसीए, म्हणजे तुमची पदवी तिकडच्या कुठल्या पदवीच्या तोडीची आहे याचा अहवाल. तो त्यांनी नेमलेल्या मोजक्या संस्थाच देऊ शकतात. आम्ही वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस निवडली, सगळे तिला 'वेस' म्हणतात. डॉक्टर आणि फार्मासिस्ट म्हणून अर्ज करणाऱ्यांसाठी त्यांच्या व्यवसायाच्या संस्था वेगळ्या आहेत, म्हणून फार्मसीवाल्या नणंदेला माझं बघून अर्ज भरू नकोस असं बजावून ठेवलंय. आणि या अहवालाने तिकडे व्यवसाय करायचा परवाना मिळत नाही, ती पायरी निराळी.

आणि इथेच मामाचं शास्त्र उलटं होतं. कुवेतला तुमचा मूळ कागद हिंडतो आणि जाईल तिथे शिक्के गोळा करतो. 'वेस'ला तुमच्या मूळ कागदाशी देणंघेणं नाही. पदवी प्रमाणपत्राचा स्कॅन आपण अपलोड करायचा, पण गुणपत्रिका विद्यापीठाने स्वतः लिफाफ्यात घालून, तो बंद करून पाठवायच्या. तुमच्या हातून गेलेल्या कागदावर त्यांचा विश्वास नाही, मग त्याच्या पाठीवर किती का शिक्के असेनात. एजंटाने मागितलेलं अपोस्टील यात कुठेच बसत नव्हतं.

दुय्यम गुणपत्रिका हातात आल्यावर ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात गेलो. 'वेस'चा फॉर्म, त्यावर आमचे संदर्भ क्रमांक, प्रती, फी. माझ्या गुणपत्रिकांवर माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं, म्हणून लग्नाचा दाखलाही जोडला. आपल्या गोव्यात लग्नाच्या सह्या दोनदा कराव्या लागतात म्हणून तेव्हा मी किती कुरकुर केली होती! तो दाखला असा कामाला आला. खिडकीमागच्या बाईंनी लिफाफ्याची जीभ चिकटवली आणि जोडावर गोल शिक्का दाबला, अर्धा जिभेवर, अर्धा लिफाफ्यावर. मी फोटो काढून मामाला पाठवला. त्याचं उत्तर, "शिक्का बाहेर कशाला मारला?"

अहवाल आले. माझी बी. एस्सी. तीन वर्षांची बॅचलर्स. नवऱ्याची फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजची बी. ई. चार वर्षांची, तीही बॅचलर्स. कॅनडा स्थलांतराच्या अर्जदारांना ज्यावरून गुण देतं त्या तक्त्यात तीन किंवा जास्त वर्षांच्या पदवीची ओळ एकच आहे, जोडीदारासह अर्ज केला तर ११२ गुण. पण ते मुख्य अर्जदाराला. वयाचे गुण तिशीपासून चाळिशीपर्यंत दरवर्षी ५ ने उतरतात. मी ३३ ची, मला ८०. तो ३६ चा, त्याला ६५. इंग्रजीच्या परीक्षेतही मी पुढे, म्हणून मुख्य अर्जदार मी. जोडीदाराच्या पदवीला किती? ८. माझ्या तीन वर्षांना ११२ आणि त्याच्या चार वर्षांना ८. वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंड घासून हाताला आलेल्या फोडांची कहाणी त्या संध्याकाळी मला पुन्हा पहिल्यापासून ऐकावी लागली.

रविवारी मामा आला. मी अहवालाची प्रिंट त्याच्या हातात दिली. त्याने चष्मा वर केला, कागद उलटा केला आणि कोऱ्या पाठीकडे बराच वेळ बघत बसला.

"किती दिवस चालतो हा?" बाबांनी विचारलं.

"पाच वर्षं."

"पाच पावसाळे," बाबा म्हणाले आणि स्टेशनरीवाला रविवारी उघडा असतो का ते बघायला चपला घालून निघाले.