रस्सा कशाचा आहे? कोरियातील अकरा दिवसांचा वृत्तांत

ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस आम्ही पती-पत्नी दक्षिण कोरियात अकरा दिवस फिरून आलो. मी पुण्याची, जन्मापासून शाकाहारी, अंडे तेवढे चालते. माझे पती मालवणचे. त्यांना समुद्रातले बहुतेक सारे प्रिय आहे, पण गोमांस आणि डुकराचे मांस ते खात नाहीत. त्यामुळे कोणत्या शहरात काय पाहायचे याच्या आधी कोणत्या शहरात दोघांनी काय जेवायचे, हे आम्हाला ठरवावे लागले. आमच्यासारखी जोडपी महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा वृत्तांत जेवणाच्या अंगाने लिहीत आहे.

आधी निघण्यापूर्वीची तयारी. भारतीय पासपोर्टधारकांना व्हिसा लागतो. बँकेचे उतारे, आयकर विवरणपत्रे आणि नोकरीचे पत्र हाताशी ठेवून किमान दीड महिना आधी कामाला लागावे. वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. वीज २२० व्होल्टची असून दोन गोल पिनांचा आपला चार्जर तेथे चालतो, तीन पिनांचा चालत नाही. फोनवर नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप उतरवून घ्यावा, कारण गूगलचा नकाशा तेथे चालत जाण्याचा रस्ता नीट दाखवत नाही. भाषांतरासाठी पापागो हे अ‍ॅप सर्वांत उपयोगी पडले. विमानतळावरच्या किराणा दुकानात टी-मनी कार्ड घेतले की मेट्रो आणि बस दोन्हींची सोय होते, मात्र त्यात पैसे भरायला बहुधा रोख लागते, म्हणून थोडे वॉन जवळ असावेत. इंचॉन विमानतळावरून सोल स्टेशनला थेट जाणारी रेल्वे पाऊण तासाच्या आसपास पोहोचवते.

पहिल्याच संध्याकाळी आम्हाला धडा मिळाला. हॉटेलजवळच्या एका लहानशा खाणावळीत मी फोनवर भाषांतर करून “मांस नको” असे दाखवले. मावशींनी प्रेमाने मान हलवली आणि खळखळ उकळणारे दोएनजांग ज्जिगे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचे कालवण, समोर आणून ठेवले. त्यात तोफू होता, भोपळा होता, आणि तळाशी चार शिंपले होते. मावशींची काहीच चूक नव्हती. त्यांच्या भाषेत “गोगी” म्हणजे जनावराचे मांस. शिंपले आणि मासे त्यात धरले जात नाहीत, आणि वाळवलेल्या म्योलची मासळीच्या पाण्यात केलेला रस्सा तर त्यांच्या दृष्टीने नुसता रस्साच असतो. म्योलची म्हणजे बोटाएवढी लहान मासळी. समुद्री शेवाळाबरोबर ती उकळून केलेले पाणी हा तेथील असंख्य पदार्थांचा पाया आहे. वाटी पतींच्या पुढे सरकवून मी त्या रात्री भात, पालकाची भाजी आणि मोडांची कोशिंबीर खाल्ली.

तेव्हापासून आमचा प्रश्न बदलला. “यात मांस आहे का” असे न विचारता “रस्सा कशाचा आहे” असे आम्ही विचारू लागलो. शाकाहारी माणसाने कोरियात एवढे एक लक्षात ठेवले तरी अर्धी अडचण सुटते. हॉटेलच्या स्वागतकक्षातील मुलीकडून आम्ही एका कागदावर कोरियन लिपीत लिहून घेतले की मांस, मासे, शिंपले, कोळंबी, म्योलचीचा रस्सा आणि जोतगाल यांपैकी काहीही मला चालत नाही, अंडे चालते. जोतगाल म्हणजे मिठात मुरवलेली मासळी किंवा कोळंबी. किमची म्हणजे मिरची लावून आंबवलेले भाजीचे लोणचे. बहुतेक किमचीत ती मासळी किंवा माशाचा अर्क असतोच, म्हणून कोबीची किमची पाहून ती शाकाहारी आहे असे समजू नये. पतींसाठी दुसरा कागद होता: “सोगोगी” म्हणजे गोमांस आणि “द्वेजीगोगी” म्हणजे डुकराचे मांस वगळून. “प्पेगो जुसेयो”, म्हणजे “वगळून द्या”, हे दोन शब्द तोंडी असावेत. आम्ही ते रोज वापरले आणि एकाही ठिकाणी कोणी कपाळाला आठी घातली नाही. नाही जमणार असेल तर स्पष्ट सांगत आणि शेजारच्या दुकानाकडे बोट दाखवीत.

सोलमध्ये आम्ही चार रात्री राहिलो. ग्वांगजांग बाजार हा १९०५ साली सुरू झालेला जुना बाजार मेट्रोच्या जोंगनो ५-गा स्थानकाला लागूनच आहे. तेथे भिजवलेले मूग दगडी जात्यावर ओले दळतात, त्या पिठात मोड आणि भाज्या घालून जाडसर धिरडे भरपूर तेलात तळतात. त्याला बिंदेत्तोक म्हणतात. जात्यातून ओघळणारे ते पिवळट पीठ पाहून मला आजीच्या पाट्यावरच्या मुगाच्या धिरड्यांची आठवण झाली. येथेही विचारूनच घ्यावे, कारण अनेक गाड्यांवर पिठात डुकराचे मांस मिसळलेले असते. बिनमांसाचे मिळते, पण तवा तोच असतो. ज्यांना ते चालणार नाही त्यांनी याच बाजारातील भोपळ्याची घट्ट गोडसर पेज, तांबड्या चवळीसारख्या दाण्यांची पेज आणि तांदळाच्या वड्या खाव्यात. पतींनी दुसऱ्या दिवशी नामदेमून बाजारातील गल्लीत गालची जोरिम खाल्ले. गालची म्हणजे आपली वाकटी, मुळ्याच्या जाड चकत्यांवर रचून तिखट रश्श्यात शिजवलेली. “मुळा घालून वाकटी करायचे आपल्याकडे कोणाला सुचले कसे नाही”, असे ते पुढचे दोन दिवस म्हणत होते.

कोरियात जेवताना मुख्य पदार्थाबरोबर बानचान म्हणजे लहान लहान वाट्यांतून चार-सहा तोंडी लावणी येतात. त्यांचे वेगळे पैसे नसतात आणि संपली की पुन्हा मिळतात. बक्षिसी देण्याची पद्धत नाही. भात चमच्याने आणि बाकीचे धातूच्या चपट्या काड्यांनी खातात, वाटी हातात उचलत नाहीत. काही पदार्थ कमीत कमी दोघांसाठीच करून देतात. आमच्यासारख्या जोडप्याला ही खरी अडचण ठरते, कारण दोघांचे ताट वेगळे असते. त्यावर आम्ही काढलेला उपाय असा की, दुपारी बिबिमबाप (वर भाज्या मांडलेला, कालवून खायचा भात) आणि भाजलेली मासळी दोन्ही मिळेल अशा ठिकाणी बसायचे आणि संध्याकाळी बाजारात जाऊन ज्याने त्याने आपापले घ्यायचे. पुष्कळ खाणावळी दुपारी तीन ते पाच बंद असतात, तेव्हा अडीचच्या आत जेवून घ्यावे.

ज्या जेवणासाठी मी पुन्हा कोरियात जाईन ते मंदिरातील जेवण. सोलमधील जोग्येसा मंदिराचे आवार त्या दिवसांत शेवंतीने फुलले होते. त्याच्या समोरच्याच इमारतीत, पाचव्या मजल्यावर, बौद्ध संघाने चालवलेले बालवू गोंगयांग हे भोजनगृह आहे. आधी नोंदणी करावी लागते आणि ते महाग आहे, तरी शाकाहारी प्रवाशाने एकदा तरी जावे. मठांतील स्वयंपाकात मांस-मासे नसतातच, शिवाय पाच उग्र पदार्थही वर्ज्य असतात: लसूण, कांद्याची पात, त्याच जातीच्या आणखी दोन भाज्या आणि पाचवा हिंग! कोरियात हिंग पिकत नाही, स्वयंपाकात वापरतही नाहीत, पण भारतातून चीनमार्गे आलेल्या बौद्ध नियमांबरोबर त्याचे नाव तेथे पोहोचले आणि आजही यादीत टिकून आहे. चातुर्मासात कांदा-लसूण सोडून हिंगावर निभावणाऱ्या घरात मी वाढले आहे, म्हणून ही यादी ऐकताना मला फार गंमत वाटली. त्या जेवणात कमळाच्या पानात वाफवलेला भात होता, मध आणि सोया सॉसमध्ये मुरवलेले कमळकाकडीचे काप होते, आणि मासळीचा अंशही नसलेली किमची होती. अकरा दिवसांत तेथेच मी कागद बाहेर न काढता जेवले.

योंगसान स्थानकावरून वेगवान रेल्वेने पावणेदोन तासांच्या आसपास जॉन्जू येते. युनेस्कोने या शहराला २०१२ मध्ये खाद्यसंस्कृतीचे शहर म्हणून मान्यता दिली आहे. जुन्या लाकडी, कौलारू घरांची वस्ती तेथे अजून राबती आहे. आम्ही तशाच एका घरात, खालून उबदार केलेल्या जमिनीवर गादी घालून दोन रात्री झोपलो. जॉन्जूचे बिबिमबाप प्रसिद्ध आहे, परंतु आपल्याकडच्या वाचकांनी येथे विशेष सावध राहावे. परंपरेने त्यातील भात गाईच्या हाडांच्या पाण्यात शिजवतात, वर कच्चे गोमांस ठेवतात आणि मिरचीच्या लगद्यातही खिमा परतून घालतात. म्हणजे वरचे मांस काढून टाकले तरी पदार्थ शाकाहारी होत नाही. शोध घेतल्यावर साध्या पाण्यातील भात आणि साधा मिरचीचा लगदा देणारी एक जागा सापडली, आणि मग मात्र त्या ताटातील मुगाच्या पिवळ्या जेलीपासून मोडांपर्यंत एकेक गोष्ट मी मनापासून खाल्ली.

याच वस्तीत अंगणाअंगणांत मातीचे मोठे रांजण ओळीने मांडलेले दिसले. त्यांत सोया सॉस, दोएनजांग आणि गोचुजांग म्हणजे मिरचीचा लगदा वर्षानुवर्षे मुरत असतात. या साऱ्यांना मिळून जांग म्हणतात. घराच्या मालकीणबाईंनी झाकण काढून आम्हाला तीन वर्षांचे दोएनजांग दाखवले आणि ऊन असेल तेव्हा झाकण उघडायचे, पाऊस येण्याआधी लावायचे, असे हातवारे करून समजावले. उन्हाळ्यात गच्चीवर मोरंबा आणि सांडगे राखणाऱ्या बायकांना हे वेगळे शिकवावे लागत नाही. आम्ही परतल्यानंतर महिन्याभरातच, डिसेंबर २०२४ मध्ये, युनेस्कोने ही जांग करण्याची परंपरा मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंदवली. मोठ्या प्रमाणावर किमची घालण्याची किमजांग ही सामुदायिक प्रथा त्या यादीत २०१३ पासून आहे.

जॉन्जूहून बुसानला आम्ही बसने गेलो. प्रवास तीन-साडेतीन तासांचा, बस अतिशय आरामशीर. बुसान हे माझ्या पतींचे शहर ठरले. जागालची बाजारात तळमजल्यावर मासळी निवडायची आणि वरच्या मजल्यावर ती शिजवून किंवा भाजून घ्यायची, अशी पद्धत आहे. शिजवण्याचे आणि मांडणीचे पैसे वेगळे असतात, ते आधी विचारून घ्यावेत. बांगड्याच्या जातीची गोदुंगो मासळी नुसते मीठ लावून भाजतात. ती खाऊन झाल्यावर त्यांनी आमसुलाची आठवण काढली. शेजारच्या सुक्या मासळीच्या बाजारात शिरताच त्यांना मालवणच्या बाजाराचा वास आला, आणि पुढचा तासभर ते तेथून हलले नाहीत. मी तोवर नाम्पो भागातल्या रस्त्यावर होत्तोक खाल्ले. बुसानमध्ये गुळासारख्या साखरेचे सारण भरलेली ही तळलेली पोळी चिरून आत सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया भरतात. ती थंड वाऱ्यात उभे राहून, जीभ सांभाळत खावी.

शेवटचे दोन दिवस ग्योंगजूला. बुलगुकसा मंदिर आणि डोंगरावरील सोकगुराम ही आठव्या शतकातील स्थळे १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. कार्ले-भाजे पाहिलेल्या माणसाला सोकगुराम आवर्जून पाहावेसे वाटेल, कारण आपली लेणी डोंगर पोखरून केली आहेत, तर तेथे ग्रॅनाइटचे दगड रचून गुहा उभी केली आहे. जवळच्या एका मठात आम्ही एक रात्र राहिलो. पहाटे चारला उठणे, एकशे आठ साष्टांग प्रणाम आणि चार वाट्यांचे मौनातील जेवण असा क्रम होता. शेवटी मुळ्याच्या एका फोडीने वाट्या पुसून, पाण्याने धुऊन, ते पाणी पिऊन टाकायचे. पानात काही टाकायचे नाही हे आपल्याला लहानपणापासून सांगितले जाते. येथे ते इतक्या निष्ठेने पाळताना पाहून आम्ही दोघेही गप्प झालो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी प्रणामांबद्दल आधी सांगावे, खुर्ची देतात.

सोबत काय न्यावे, हे मैत्रिणी विचारतात. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि दहाबारा ठेपले पुरेसे आहेत. मांस, ताजी फळे आणि बिया मात्र नेऊ नयेत. कोरियातील किराणा दुकानांत शिजवलेल्या भाताचे बंद डबे मिळतात आणि तेथेच मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटांत गरम करता येतात. उशिरा पोहोचलेल्या दोन रात्री आम्ही असा मेतकूट-भात खाऊन समाधानाने झोपलो.

पुण्यात परतल्यावर किमची घरी करायची असे ठरवले. रांजणगाव, चाकण, तळेगाव भागातील कारखान्यांमुळे शहरात कोरियन कुटुंबे आहेत आणि त्यांच्या गरजेचे सामानही मिळते. तरी आम्ही गोचुगारू या कोरियन मिरचीपुडीऐवजी बेडगी मिरचीची जाडसर पूड वापरतो, कारण रंग भरपूर आणि तिखटपणा कमी, हे दोन्ही तिच्यात आहे. चायनीज कोबीची पाने खडे मिठात चार-पाच तास ठेवून धुऊन निथळायची, तांदळाच्या पिठीची पातळ खळ शिजवून थंड करायची, तिच्यात मिरची, आले, लसूण, मुळ्याचा कीस आणि चमचाभर साखर कालवून प्रत्येक पानाला लावायची, आणि चिनीमातीच्या बरणीत हवा राहणार नाही अशी दाबून भरायची. थंडीत ती दोन-तीन दिवस बाहेर राहते. एप्रिल-मे महिन्यांत एका रात्रीत आंबते, तेव्हा सकाळीच फ्रिजमध्ये ठेवावी, नाहीतर फसफसून बरणीबाहेर येते. माझ्या बरणीत माशाच्या अर्काच्या जागी सोया सॉस जातो. पती आपल्या बरणीत मालवणचा भाजलेला जवळा घालतात, आणि त्या बरणीच्या गळ्याला आम्ही लाल दोरा बांधतो.