बिलावरच्या एका शब्दापायी अकरा आठवडे

मी गिअरबॉक्स बदललेला नव्हता. हे वाक्य मी गेल्या उन्हाळ्यात जर्मनमध्ये किती वेळा म्हटलं, याची मोजदाद नाही. अजूनही आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहून टाकतोय. कुणाचा तरी उन्हाळा वाचेल.

गाडी 2001 सालची मझदा एमएक्स-5, 1.8 लिटर, पाच गिअरची. मी श्टुटगार्टजवळ राहतो आणि जमेल तेव्हा न्यूर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफवर जातो. तो 20.8 किलोमीटरचा ट्रॅक ठरावीक वेळी पैसे भरून कुणालाही मिळतो, पण गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी, कायदेशीर हवी. तिथेच एकदा तिसऱ्यातून चौथा टाकायला गेलो आणि दुसरा पडला. इंजिन किंचाळलं, मागची चाकं क्षणभर धरली गेली. थोडक्यात निभावलं. त्याच रात्री ठरवलं, सीक्वेन्शियल करायचं, म्हणजे गिअर क्रमाने एकेकच पडतील, मधला चुकणार नाही.

खरा सीक्वेन्शियल गिअरबॉक्स माझ्या खिशाबाहेरचा. मी बसवला तो संच निराळा आहे. मूळ गिअरबॉक्स जागच्या जागी राहतो, फक्त गिअरच्या मूळ दांडीच्या ठिकाणी खाचा पाडलेला ड्रम आणि नवी दांडी येते. दांडी मागे ओढली की ड्रम एक घर फिरतो आणि वरचा गिअर पडतो. पुढे ढकलली की खालचा. एरवी हाताने जे आडवं-उभं करायचं, ते आता खाचा करतात. एमएक्स-5 ची दांडी थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावर असते, मध्ये केबल नसते, म्हणून हे जमतं. आतले सिंक्रोनायझर (गिअर पडताना चक्रांचे वेग जुळवणारे भाग) तेच राहतात, त्यामुळे क्लच दाबावाच लागतो.

बसवायला एक शनिवार-रविवार लागला. सांगलीचा मित्र मदतीला होता. फक्त दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अडत होतं, कारण तिथे ड्रमला आडवंही सरकवावं लागतं. तिथला स्क्रू पाव-पाव फेरा फिरवूनच जुळवा, घाई करू नका.

खरी अडचण पुढे आली. इथल्या, म्हणजे जर्मनीच्या, वाहन नियमावलीच्या कलम 19 नुसार, गाडीतल्या बदलाने धोका वाढणार असेल किंवा धूर-आवाज वाढणार असेल तर गाडीचा परवानाच संपतो. माझ्या संचासोबत सुट्या भागाचं तपासणी-प्रमाणपत्र नव्हतं, म्हणून कलम 21 प्रमाणे माझ्या एकट्या गाडीची स्वतंत्र तपासणी करून घ्यायची होती. ठीक आहे, तेवढी तयारी होती.

पण विक्रेत्याने बिलावर छापलं होतं ‘गेट्रीबे’. म्हणजे गिअरबॉक्स. खरं तर तिथे ‘शाल्टुंग’ हवं होतं, म्हणजे गिअर टाकायची यंत्रणा. तपासनिसाने बिल वाचलं आणि म्हणाला, “गिअरबॉक्स बदललाय, तर धूर आणि आवाजाच्या चाचणीचे अहवाल आणा.” त्या चाचण्यांचा खर्च संचाच्या किमतीच्या वर जात होता. गाडी बाहेर उभी होती. मी म्हटलं, “दांडीचा बूट, म्हणजे बुडाशी असलेलं रबरी आवरण, वर करतो, दोन मिनिटं बघा.” तो म्हणाला, “मी कागद बघतो.” खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

विक्रेत्याला चार मेल केले. ऑगस्ट होता, सगळे सुट्टीवर. तीन आठवड्यांनी पुन्हा वेळ मिळाली, पुन्हा तोच माणूस, पुन्हा तेच वाक्य. मी तोंडी समजावत होतो की गिअरचं गुणोत्तर (इंजिनाच्या किती फेऱ्यांना गिअरबॉक्समधून एक फेरा बाहेर पडतो ते) तेच असेल तर त्याच वेगाला इंजिनाचे फेरे तेच राहतात, मग धूर आणि आवाज वाढणार कुठून? त्याने मान हलवली आणि पुढच्याला बोलावलं. त्या दिवशी घरी येऊन संच काढला, जुनी दांडी परत चढवली. (म्हणून सांगतो, मूळ दांडी, तिचा नायलॉनचा बुश आणि रबरी बूट फेकू नका. माझी ऑफिसची ये-जा त्यावरच चालली.)

शेवटी विक्रेत्याचं एका ओळीचं पत्र आलं: गिअरबॉक्सचं आवरण आणि आतली चक्रं मूळचीच. त्याला मी एक पान जोडलं, पाचही गुणोत्तरं लिहून: 3.136, 1.888, 1.330, 1.000, 0.814. संच पुन्हा बसवला आणि शेजारच्या गावातल्या दुसऱ्या केंद्रात गेलो.

तिथले वयस्कर तपासनीस आधी गाडीपाशी आले. बूट स्वतः वर केला आणि पहिलाच प्रश्न विचारला, “रिव्हर्स कुठे?” कलम 39 प्रमाणे चालकाला बसल्या जागेवरून गाडी मागे घेता आली पाहिजे. मी दाखवलं: क्रम रिव्हर्स, न्यूट्रल, मग एक ते पाच, आणि दांडीवरची कडी उचलल्याशिवाय न्यूट्रलच्या मागे जाता येत नाही. मागचा पांढरा दिवा मूळ स्विचवरच लागत होता, तेही त्यांनी पाहिलं. मग त्यांनी माझी चूक पकडली. गिअर दाखवणाऱ्या डिस्प्लेवर न्यूट्रल दिसत होता आणि गाडी पहिल्यात होती. “क्लच सोडलात तर समोरचा माणूस जाईल,” ते म्हणाले. आठवड्याने सेन्सर जुळवून परत गेलो आणि सही मिळाली. या नकाराचा मला मुळीच राग आला नाही. त्यांनी वस्तू हातात घेतली होती.

नोंदणी कार्यालयात वाहनाच्या कागदावर ओळ चढवायला वीस मिनिटं लागली.

तेव्हा संच मागवण्याआधी तपासनिसाला भेटा, विक्रेत्याची माहिती आणि चित्रं घेऊन जा, आणि बिलावर काय छापणार ते लेखी विचारून घ्या. विमा कंपनीलाही आधीच कळवा. माझं ते एका फोनमध्ये झालं.

सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा नॉर्डश्लाइफवर गेलो. ट्रॅकवरच्या फुक्सर्योर या भागाचा उतार संपून चढ लागला, आडेनाउअर फोर्स्टच्या वळणांआधी ब्रेक दाबला आणि दांडी दोनदा पुढे ढकलली. पाचव्यातून चौथा, चौथ्यातून तिसरा. हात कुठे जातोय हे बघावंच लागलं नाही. इतका आनंद मला या गाडीने आजवर दिला नव्हता.

आणि हो, सिग्नलला गाडी पूर्ण थांबण्याआधीच एकेक करून पहिल्यापर्यंत उतरा. चौथ्यात थांबलात तर उभ्या गाडीत गिअर अडतात आणि मागचे हॉर्न वाजवतात.