तात्यांच्या नावाची पावती

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं तसा मनोगत लिहायला बसलो. स्नेहसंमेलन, कबड्डीचा संघ, पन्हाळ्याची सहल, लिहिण्यासारखं पुष्कळ होतं. पण लेखणी वळली ती फाटकासमोरच्या किराणा दुकानाकडे. आमच्या काळातल्या कुणालाही तात्यांचं आडनाव सांगायला नको.

तात्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. कृष्णाकाठी तीस गुंठे रान, त्यात निम्मा ऊस, निम्मी हळद. भल्या पहाटे पाणी पाजून यायचे आणि प्रार्थनेच्या आधी दुकानाच्या फळ्या निघालेल्या असायच्या. आढ्याला टांगलेल्या रिळाचा दोरा ओढून पुडीला दोन वेढे द्यायचे, बोटाला पीळ घालून तो तटकन तोडायचे. तोवर दुसरा हात पुढच्या गिऱ्हाइकाची साखर मापत असायचा. संध्याकाळी काकू गल्ल्यावर बसल्या की तात्या पुन्हा रानात. त्यांना रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नाही.

अर्ध्या गावाची उधारी त्यांच्या लाल वहीत होती. उसाचं बिल किंवा हळदीची पट्टी आली की लोक भागवायचे. आमच्या वह्या-पेन्सिलीही त्याच वहीवर. माझे वडील गेले त्या वर्षी आईनं वह्यांचे पैसे विचारले तर म्हणाले, "पोरगं धाव्वी होऊ दे, मग बघू." ते 'मग' त्यांनी कधी काढलं नाही.

नववीत गणिताचे सर शेकडेवारी शिकवत होते. खऱ्या हिशेबावर शिकवावं म्हणून ते तात्यांकडे उधारीची वही मागायला गेले. मी काडेपेटी घ्यायला तिथंच उभा होतो. तात्यांनी वही मिटली, गल्ल्याखाली सारली. "गुरुजी, हिच्यात पोरांच्या आयबापाची नावं हायती. ही वर्गात न्यायची न्हाई. त्यापरास पोरांस्नी रानात घेऊन या."

सरांनी खरंच आम्हाला रानात नेलं. हळद शिजवायच्या काहिलीखाली पाचट धडधडत होतं. तात्यांनी आमच्यादेखत दहा किलो ओली हळद तोलली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात बांधली आणि ते गाठोडं काहिलीत सोडलं. फेस वर आला, वास सुटला. एक हळकुंड काढून त्यात त्यांनी काडी टोचली. ती आरपार गेली तशी हळद उपसली. आमची हळद वेगळी वाळत घातली. दोन आठवड्यांनी खडखडीत वाळल्यावर ती दुकानातल्या तराजूत पडली आणि दोन किलोच्या मापाशी पारडी जुळली.

"आठ किलो गेली कुठं?" सरांनी विचारलं. आम्ही गप्प. तात्या म्हणाले, "उन्हानं प्याली. आता भाव सांगा, वाळल्या हळदीवर का ओल्या?"

शेकडा वीस उतारा, त्यातून बियाण्याचे गड्डे, मजुरी, जळण, अडत, हमाली असं एकेक वजा करत सरांनी पूर्ण फळा भरला. शेवटी उरलेला आकडा बघून वर्ग शांत झाला. नऊ महिने राबून एवढंच? पुढं सांगलीच्या चिंतामणराव कॉलेजात बी.कॉम. केलं, सनदी लेखापाल झालो, आज पुण्यात स्वतःचं कार्यालय आहे. मोठमोठ्या कारखान्यांचे ताळेबंद हाताखालून जातात; पण खर्च वजा केल्याशिवाय उत्पन्नाला उत्पन्न म्हणायचं नाही, हे मी त्या फळ्यावर शिकलो.

२००५ च्या महापुरात सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खोल खड्ड्यांत, पाणी शिरलं. चांगल्या दरासाठी थांबवलेली तात्यांची हळद त्यात कुजली. इकडे दुकानातही पाणी, उधारीच्या वहीची शाई धुऊन गेलेली. काही जण आपणहून येऊन आकडा सांगून गेले, काही फिरकले नाहीत. तात्या कुणाच्या दारात मागायला गेले नाहीत. दुकान धुऊन घेतलं, फळ्या उन्हात वाळवल्या आणि पुन्हा उभे राहिले.

सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हा तात्या नव्हते. आता हळद बॉयलरमध्ये शिजते, पेवं बहुतेक पडून आहेत. तात्यांच्या रानात सगळा ऊसच आहे, आणि दुकानाच्या जागी मोबाईल दुरुस्ती. मागच्या दिवाळीत तिथं उभा राहिलो तेव्हा वाईट वाटलं. त्यांच्या मुलांचा दोष नाही. तीस गुंठ्यांत आणि किराण्यात आता दोन घरं चालत नाहीत.

देणगीदारांचा फलक लावायचं ठरलंय असं पत्रात वाचलं. प्रयोगशाळेतला पितळी तराजू तात्यांनी दिलेला आहे. कित्येक मुलांची परीक्षा फी त्यांनी सरांच्या हाती गुपचूप ठेवली, हे सरांनीच मला निवृत्तीनंतर सांगितलं. यातल्या कशाचीही पावती शाळेच्या दप्तरात सापडायची नाही, कारण त्यांनी ती मागितलीच नाही. समितीला माझी हात जोडून विनंती आहे की फलकावर त्यांचं नाव यावं. नववीत गणितात पहिल्या येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला तात्यांच्या नावानं दरवर्षी बक्षीस द्यावं. त्यासाठीची ठेव मी जूनमध्ये शाळेच्या खात्यावर भरतो. त्यांच्या थोरल्या मुलाशी बोललो आहे, त्याची संमती आहे. पावती तेवढी तात्यांच्या नावानं फाडा.