सागवानी खण, नोंद ६ : तिसरी कूस बसली, चौथी खुंटी चुकली

मंडळी, दीड महिन्यानी लिहितोय. पाऊस लागून होता म्हणून ताडपत्रीखालून लाकूड काढलंच नाही. आता तीन खांबांच्या कुशी (खांबाच्या डोक्याची तुळईच्या खाचेत जाणारी तासलेली टोकं) बसल्यात आणि चौथ्यात माझ्याकडून चूक झाली, ती नीट सांगतो, तुमच्यातल्या कुणाचं तरी लाकूड वाचेल.

नवीन आलेल्यांसाठी: पेठेतला एक वाडा उतरवला, त्याचं सागवान भवानी पेठेत टिंबर मार्केटला आलं, तिथून मी चार खांब, दोन तुळया आणि थोड्या कड्या उचलल्या आणि धायरीला मामाच्या जागेत त्यांचा एक खण, म्हणजे चार खांबांमधला एक गाळा, परत उभा करतोय, एकही खिळा न मारता. दुकानदार म्हणाला टोकं कापून देतो, भोकं आहेत त्यात, चोख माल मिळेल. मी म्हटलं दादा, मला टोकंच पाहिजेत. जुनं सागवान वाचवणारे पुण्यात पुष्कळ आहेत हो, त्याची टेबलं होतात, दारं होतात, पण करवत पहिली फिरते ती सांध्यावर आणि सुताराचं सगळं डोकं त्या सहा इंचातच असतं.

खांबाला गुण्या लावला तर एक बाजू काटकोनात नाही. वाकसाने, म्हणजे सुताराच्या तासणीच्या हत्याराने तासलेत, उन्हं तिरपी आली की घाव दिसतात, माशाच्या खवल्यांसारखे एकावर एक. अशा लाकडावर कडेपासून माप घेतलं की फसलाच, म्हणून काव लावलेलं सूत मारून मधली रेघ पाडायची आणि सगळी मापं त्या रेघेवरून. वाकडं लाकूड रेघांवर जुळवायची फ्रान्सच्या सुतारांचीही एक परंपरा आहे, २००९ मधे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली. मला शिकवणारे सुतारमामा हे सूत शाळा सोडल्यापासून मारतायत. त्यांच्या हाताखाली शिकायला मिळतंय याचं मला फार अप्रूप आहे.

आता चूक. खांबाच्या डोक्यावरची कूस तुळईत खालून जाते आणि आडवी खुंटी दोघांना धरते. कुशीतलं भोक तुळईतल्या भोकाच्या अगदी समोर पाडायचं नाही, दोनेक मिलिमीटर खांद्याकडे, म्हणजे कूस जिथे खांबातून निघते तिकडे, सरकवायचं, म्हणजे खुंटी ठोकताना कूस आत ओढली जाते आणि खांदा तुळईला गच्च भिडतो. मी खांब आडवा ठेवून गिरमिट चालवलं, वर-खाली डोक्यात उलटं झालं आणि भोक टोकाकडे सरकलं. खुंटी अर्धी गेली आणि सांधा मिटायच्या ऐवजी उघडायला लागला, पोस्टकार्ड जाईल एवढी फट. अजून चार घाव घातले असते तर शंभरेक वर्षांची कूस फाटली असती.

सुतारमामा म्हणाले, "हात थांबव, आधी खुंटी काढ." मग भोकात सागाचाच गट्टू फेविकॉल लावून बसवला, त्याचे दोरे, म्हणजे लाकडाचे तंतू, कुशीच्या दोऱ्यांच्या दिशेनेच ठेवले, रात्रभर सुकू दिलं आणि सकाळी नवीन भोक, यावेळी आधी पेन्सिलने खांद्याकडे बाण काढून. खुंटी बाभळीची, मामाच्या मोडक्या बैलगाडीच्या तुकड्याची. करवतीने कापायची नाही, दोऱ्याच्या दिशेने चिरायची, नाहीतर ठोकताना मोडते. मोगरीचा, म्हणजे लाकडी हातोड्याचा आवाज आधी बद्द येतो आणि सांधा भिडला की एकदम टणक होतो, तिथे थांबायचं.

खांब जमिनीत पुरत नाहीये, दगडी तळखड्यावर ठेवतोय, म्हणजे ओल चढत नाही. शंका आली की मी विश्रामबागवाड्यात जाऊन खांबांच्या पायाशी बसतो, १८०७ चं काम आहे. दर्शनी बाजूचे सुरूच्या आकाराचे खांब सगळे बघतात, मला मात्र लाकूड दगडाला टेकतं तीच जागा बघायची असते. शनिवारवाड्याचं आतलं लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेलं, तिथे आत आता जोतीच दिसतात, त्यामुळे जे उभं आहे ते डोळे भरून बघून घ्या.

रविवारी पहिली तुळई चढवतोय. सागवान घनमीटरला साधारण ६५० किलो धरलं तर माझी ८ बाय ७ इंची, दहा फुटी तुळई सत्तरच्या वर जाते, म्हणून दोन्ही टोकांना दोन-दोन माणसं लागतील. तिघं ठरलेत, एक जण कमी आहे. धायरीच्या बाजूला कुणी असेल तर सकाळी आठला या.