तुम्ही विचारलंत म्हणून: हल्ली खण का नेसत नाही?

श्रावण लागला की हा प्रश्न सुरू होतो आणि गौरी बोळवल्या तरी संपत नाही. मंगळागौरीला विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये विचारतात. "काय गं, खणाची साडी दिसली नाही बऱ्याच दिवसांत?" परवा जाऊबाईंनी तर "कंटाळलीस की वजन वाढलं?" असंही विचारून घेतलं. साडी आहे हो ती, पंजाबी ड्रेस नाही. दर वेळी "इस्त्रीला दिलीय" म्हणून सुटते. आता एकदाच काय ते सांगते.

कंटाळा आला. खरं तर एवढ्यावर भागायला हवं. पण हे म्हटलं की समोरचीचा चेहरा असा उतरतो, जणू मी माझ्या आजीलाच नावं ठेवली.

आजी सोलापूरची. बारा महिने अंगावर इरकल आणि खणाची चोळी. रोजच्या चोळ्या वेगळ्या, देवळात जायची वेगळी. चोळी काखेत विरली की बाही आणि काठ कापून गोधडीत जायचे, उरलेल्याचं फडकं व्हायचं. त्या कापडाला 'आपला वारसा' वगैरे म्हणायचं तिला सुचलं नाही. ते मला सुचलं.

हो, मलाच. खणाची लाट आली तेव्हा आमच्या ऑफिसात पहिली साडी माझी होती. बाकीच्यांच्या ऑर्डरी गोळा करणारी मी, रंगांचे फोटो पाठवणारी मी, "नेसून तर बघ, पैठणीपेक्षा हलकी" म्हणून गळी उतरवणारीही मीच. त्यामुळे तुम्ही आता मलाच जाब विचारता यात तसं काही चूक नाही.

पुढे काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. २०२० मध्ये खणाचे मास्क आले. मग तोरणं, पर्सा, कानातले, डायरीची कव्हरं, आकाशकंदील, बाळाचं अंगडं-टोपडं. सोसायटीतल्या एका कुत्र्याला दिवाळीत खणाचं जाकीट होतं आणि त्याला ते शोभतही होतं. एका गणपतीत आमच्या मखरामागे खण, चौरंगावर खण, आणि पुढे बसलेली मी खणात. फोटोत मखर कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होते, ते नवऱ्यालाही सांगता येईना. मी तेव्हा हसले होते. कपाट उघडलं की तीच बारीक बुट्टी, तोच काठ, फक्त रंग निराळा. जांभळी नेसू की मोरपंखी, हा प्रश्नसुद्धा पडेनासा झाला होता. पण म्हणून मी खण सोडला नाही.

सोडला तो नणंदेच्या मुलीच्या लग्नात.

पुण्यातलं कार्यालय, सकाळचा मुहूर्त. मी चिंतामणी रंगाची, लाल काठाची नेसले होते, नथ, अंबाड्यावर गजरा, सगळं साग्रसंगीत. दारात पाहुण्यांना अत्तर लावायला, पेढे द्यायला ओळीनं मुली उभ्या. सगळ्या चिंतामणी रंगात, लाल काठात, नथ, गजरा. मी त्यांच्या शेजारून आत गेले आणि तिथेच घोळ झाला. वराकडचे एक आजोबा म्हणाले, "ताई, पन्हं फार गोड झालंय, जरा आत सांगा." सांगितलं. कोणीतरी हात धुवायची जागा विचारली. दाखवली. मग जरीची साडी नेसलेल्या एका बाईंनी शेजारणीशी बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, रिकामा ग्लास माझ्या हातात दिला.

मी तो धरला. "अहो, मी मुलीची मामी" एवढं म्हणता आलं असतं, पण त्यांची पाठ वळली होती. ग्लास कुठे ठेवावा म्हणून भटारखान्याकडच्या बोळात गेले. तिथे त्या मुलींपैकी एक प्लॅस्टिकच्या क्रेटवर बसली होती. चपला काढलेल्या, निऱ्या गुडघ्यापर्यंत ओढून घेतलेल्या, नथ काढून ब्लाऊजला अडकवलेली. मला बघून सरकली, जागा करून दिली.

"नव्या का तुम्ही? नथ काढा घटकाभर, मॅडम पुढे आहेत."

मी बसले. का बसले, नाही सांगता येणार. ती बोलत राहिली. साड्या इव्हेंटवाल्यांच्या, रात्री मोजून परत द्यायच्या, डाग पडला तर पैसे कापतात. सीझनला रोज हेच, कधी या रंगात कधी त्या. तिनं पदर बाजूला करून कंबर दाखवली. काठ घासून लाल पट्टा उठला होता, मधे मधे पुरळ. "नायलॉन असेल नाहीतर काय. घामानं चावतं." मग माझ्या पदराचं टोक चिमटीत धरून चोळून पाहिलं. "तुमची मऊ आहे. कोणी दिली?"

"माझीच आहे."

"घरची?" तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "स्वतःची असून लग्नाला हीच नेसलात?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं.

हे मी कोणाकोणाला सांगितलं तेव्हा त्या मुलीच्या कंबरेपर्यंत आणून सोडलं. ऐकणाऱ्यांनी हळहळ केली, मी सहृदय ठरले. पण आधी लागला होता तो ग्लास. मला कामाची बाई समजलं म्हणून राग आला का? आला. तुम्हालाही आला असता. आणि त्या मुलीशेजारी बसल्यावर त्या रागाची लाज वाटली का? तर तीही त्या क्षणी नाही वाटली. घरी येऊन पिना काढताना वाटली, आणि तेव्हाही थोडीच.

माझ्यातली जुनी, ऑर्डरी गोळा करणारी बाई मात्र गप्प बसत नाही. म्हणते, एका ग्लासावरून सोडतेस? विणकरांचं काय? मी तिला सांगते, कुठले विणकर? खण गुळेदगुड्डचा, कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला. इरकलचं इलकलही तिथलंच. हातमागावरचा जुना खण उभ्या धाग्यांना रेशीम आणि आडव्यांना सूत घेऊन विणायचे, आणि पन्हा चोळीपुरता, म्हणून काठ बरोबर बाहीच्या टोकाला यायचा. त्यात सहावारी निघायचीच कशी? आपण ८००-१००० रुपयांना घेत होतो ती यंत्रमागावरची. त्या पैशातलं हातमागापर्यंत काय पोचलं असेल?

ती म्हणते, मग आता हातमागाचा घे, चोळीपुरता घे, आजीसारखा वापर. यावर माझ्याकडे उत्तर नाही. घेतलेलाही नाही. पैसे नाहीत असंही नाही. आजीसारखं वापरायचं तर विरेपर्यंत तोच तो अंगावर हवा. माझ्याच्यानं ते होत नाही, मला दर सणाला नवं लागतं. खणाचा कंटाळा आला म्हणते खरी, पण सध्या कपाटात इकत किती झाल्यात ते बघायला येऊ नका.

ओटीत खण घालते, नाही असं नाही. त्रिकोणी घडी, वर नारळ, तांदूळ. त्याचा कंटाळा कधी आला नाही, कदाचित तो मला नेसावा लागत नाही म्हणून.

बाकी साड्या पिशवीत भरून ठेवल्या आहेत. कोणाला हव्या असतील तर सांगा, आणून देईन. चिंतामणीसुद्धा द्यायची आहे. जांभळी मात्र ठेवून घेतेय, तिचं ब्लाऊज अजून शिवायचं राहिलंय.