डबा घ्यायचा की किसणीच चालवायची?

२०१४ साली आमच्या अंधेरीच्या एडिट रूमसाठी नवं मशीन घ्यायचं ठरलं. पैशांची जुळवाजुळव झाली, बँकेने थोडी खळखळ करून कर्ज दिलं, आणि मग भांडण सुरू झालं ते मशीनच्या आकारावरून. मी एडिटर, माझा भागीदार साउंडवाला. एकच ऑफिस, एकच मुख्य मशीन. दिवसा माझं एडिट आणि रात्री त्याचं मिक्सिंग, असा संसार चालला होता.

आमच्याकडे होता ॲपलचा मॅक प्रो, २०१० चं मॉडेल. ॲल्युमिनियमचा टॉवर, पुढून-मागून भोकाभोकांची जाळी. त्यामुळे आमच्या लाइनीत सगळे त्याला किसणी म्हणायचे. जून २०१३ मध्ये ॲपलने त्याचा नवा अवतार दाखवला आणि त्याच डिसेंबरात तो विक्रीला आला: काळा, चकचकीत, गोल डबा. उंची २५ सेंटिमीटर, व्यास जेमतेम १७, वजन ५ किलो. जुना टॉवर ५१ सेंटिमीटर उंच आणि १८ किलोच्या वर. म्हणजे नवा जुन्याच्या एक अष्टमांश जागेत मावत होता.

अंधेरीत चौरस फुटाने भाडं भरणाऱ्या माणसाला हे ऐकून काय वाटेल ते सांगायला नको. मी पहिल्या दिवसापासून डब्याच्या बाजूने होते. भागीदाराने फोटो बघितला आणि एवढंच विचारलं, "अगं, ह्यात माझं कार्ड कुठे जाणार?"

प्रश्न बरोबर होता. म्हणून आम्ही आधी आपल्या किसणीच्या पोटात काय काय आहे ते उघडून बघायचं ठरवलं. ज्यांनी ते मशीन वापरलंय त्यांना हे उघडणं आठवत असेल. मागची खिट्टी वर उचलायची, की बाजूचा अख्खा पत्रा हातात येतो. आत वरच्या बाजूला हार्ड डिस्कचे चार ट्रे, त्यांच्यावर एक ते चार आकडे. डिस्क ट्रेला चार स्क्रूंनी लावायची आणि ट्रे आत ढकलायचा, खट्ट आवाज झाला की काम झालं. केबल नाही, जोडणी नाही. आमच्या असिस्टंटने हे पहिल्याच दिवशी शिकून घेतलं होतं. त्याखाली कार्डांचे चार स्लॉट: एकात ग्राफिक्स कार्ड, एकात भागीदाराच्या प्रो टूल्स या साउंड सॉफ्टवेअरचं एचडीएक्स कार्ड, एकात ब्रॉडकास्ट मॉनिटरला एसडीआय, म्हणजे व्यावसायिक व्हिडिओचा सिग्नल देणारं कार्ड आणि शेवटच्यात यूएसबी ३ चं कार्ड. हे शेवटचं घ्यावं लागलं, कारण त्या मशीनवर मुळात यूएसबी २ आणि फायरवायर या जुन्या, हळू जोडण्याच होत्या, आणि शूटवरून येणारी प्रत्येक डिस्क यूएसबी ३ ची असायची. सगळे स्लॉट भरलेले, सगळे ट्रे भरलेले.

"बघ," भागीदार म्हणाला, "ह्यातलं एक तरी काढून टाकता येईल का?"

काढून टाकता येणार नव्हतं. पण बाहेर ठेवता येईल का, हे बघायला हवं होतं.

आमच्या नेहमीच्या पुरवठादाराने डेमोसाठी डबा काही दिवस ऑफिसात ठेवू दिला. मागचं छोटं बटण सरकवलं की त्याचं अख्खं कवच वर उचललं जातं. आत मधोमध त्रिकोणी हीटसिंक, म्हणजे उष्णता शोषून घेणारा धातूचा ठोकळा, आणि त्याच्या तीन बाजूंना तीन बोर्ड. एकावर प्रोसेसर, उरलेल्या दोघांवर एएमडीचे फायरप्रो ग्राफिक्स. मेमरीचे चार स्लॉट, आणि एका ग्राफिक्स बोर्डाच्या पाठीवर चिकटलेली एकुलती एक एसएसडी. वर एकच मोठा पंखा, खालून हवा ओढून वरून सोडणारा. हे तिन्ही बोर्ड त्या घडणीसाठीच कापलेले, त्यामुळे बाजारातलं कुठलंही ग्राफिक्स कार्ड तिथे बसायचा प्रश्नच नाही. दुसऱ्या डिस्कला जागा नाही. त्याऐवजी मागे पोर्टांची रांग: सहा थंडरबोल्ट २ (बाहेरच्या डिस्क, पेट्या जोडायची वेगवान जोडणी), चार यूएसबी ३, दोन इथरनेट, एक एचडीएमआय. मशीन फिरवलं की त्या पोर्टांभोवती दिवा लागायचा. असिस्टंट चहा प्यायला आला की उगाच ते फिरवून बघायचा.

त्या वेळी हातात एक मराठी सिनेमा होता, तो त्यावर चढवला. फायनल कट प्रो एक्स या एडिटिंग सॉफ्टवेअरची १०.१ आवृत्ती नुकतीच, डब्याच्या सोबतच आली होती आणि दोन्ही ग्राफिक्स चिप वापरायला तिला शिकवलेलं होतं. टाइमलाइन लोण्यासारखी पळत होती. पण भागीदाराचं मन फिरलं ते वेगळ्याच गोष्टीने. रात्री त्याने एसी बंद केला, खोलीत गप्प उभा राहिला आणि म्हणाला, "हे चालू आहे का?" साउंडवाल्याला याहून मोठी लाच नाही. किसणीचे पंखे उन्हाळ्यात कसे हुंकारायचे ते आम्ही वर्षानुवर्षं ऐकलं होतं.

हा आनंद दुसऱ्या दिवशी डिस्कचा बॉक्स जोडेपर्यंत टिकला. पोटातल्या चार डिस्क बाहेर आल्या म्हणजे त्यांना स्वतःचं घर लागतं, त्या घराला वीज लागते आणि थंड राहायला पंखा लागतो. तो पंखा डब्याच्या पंख्यापेक्षा चांगलाच बोलका निघाला. मग चॅसिस, म्हणजे कार्ड बाहेर बसवायची पेटी, ती एचडीएक्ससाठी. एसडीआय सिग्नलसाठी आणखी एक छोटा बॉक्स. प्रत्येकाचा वेगळा ॲडॉप्टर, प्रत्येकाची वेगळी केबल. यूपीएसच्या मागचे सॉकेट संपले. किसणीला एक प्लग पुरायचा.

"अगं, हे टेबल आहे की फेरीवाल्याची हातगाडी?" भागीदार.

इथे मी कागद-पेन घेऊन बसले, कारण तोंडाने भांडून काही निष्पन्न होत नव्हतं. थंडरबोल्ट २ ची वाट सेकंदाला २० गिगाबिटची. किसणीतल्या ग्राफिक्सच्या स्लॉटची वाट ६४ गिगाबिटची. आता आमचं काम बघा. १०८० मध्ये २५ फ्रेमचं प्रोरेस ४२२ एचक्यू (एडिटसाठीचा ॲपलचा व्हिडिओ फॉरमॅट) सेकंदाला १८४ मेगाबिट खातं, ४४४४ घेतलं तर २७५. ४४४४ चे चार ट्रॅक एकदम चालवले तरी जेमतेम ११०० मेगाबिट, म्हणजे गिगाबिटच्या हिशेबात एक आणि थोडं वर. वीसच्या वाटेवर हे म्हणजे काहीच नाही. साठवणुकीचं गणितही पोटात मावण्यातलं राहिलं नव्हतं: ४२२ एचक्यूचा एक तास म्हणजे ८३ जीबी, चाळीस तासांचं फुटेज म्हणजे सव्वातीन टीबीच्या पुढे, वर त्याची बॅकअप प्रत. दोन सिनेमे एकदम आले की चार ट्रे कमीच पडायचे, आणि जुनी डिस्क काढून कपाटात, नवी आत, हा खेळ आमच्याकडे आधीच चालू होता. तेव्हा डिस्क बाहेर गेल्याने बिघडत काही नव्हतं. उलट बॉक्स उचलून दुसऱ्या मशीनला लावता येणार होता. आवाजाच्या कार्डाचंही तेच. त्याला वीस गिगाबिट डोक्यावरून पाणी.

अडत होतं ते फक्त ग्राफिक्सपाशी. कलर ग्रेडिंगमध्ये, म्हणजे चित्राचे रंग जुळवताना, विशेषतः नॉइज रिडक्शन (चित्रातला दाणेदारपणा काढणं) लावलं की, सगळा भार ग्राफिक्स कार्डावर येतो. ते कार्ड बाहेर काढून वीसच्या वाटेने जोडायची अधिकृत सोय तेव्हा ॲपलकडे नव्हती. म्हणजे आज जे ग्राफिक्स डब्यात येईल तेच शेवटपर्यंत. आणि ग्राफिक्स हीच दरवर्षी सर्वात वेगाने बदलणारी वस्तू. आकार लहान की मोठा यावर आम्ही आठवडेच्या आठवडे तंडत होतो, आणि निम्म्याहून जास्त सामानाच्या बाबतीत तो प्रश्नच लागू नव्हता.

हे सगळं घेऊन सीएकडे गेलो. त्यांनी कोटेशनचं दुसरं पान बघितलं (पहिल्यावर मशीन, दुसऱ्यावर बॉक्स, चॅसिस, केबली) आणि विचारलं, "मॅडम, हे कॉम्प्युटरमध्ये धरायचं की फर्निचरमध्ये?" मग त्यांनी एक मुद्दा काढला, जो आम्हा दोघांनाही सुचला नव्हता. त्या काळी कॉम्प्युटरवर ६० टक्के घसारा मिळायचा. शंभराचे पहिल्या वर्षी चाळीस, दुसऱ्या वर्षी सोळा, तिसऱ्या वर्षी साडेसहाच्या आत. "तीन वर्षांनी पुस्तकात ह्याची किंमत चहापाण्याइतकी राहणार. पाच वर्षांनी ह्यात कुठलं कार्ड बसेल त्याची काळजी आज कशाला? तेव्हा मशीनच बदला." हिशेबनिसाच्या नजरेतून वाढवता येणारं मशीन ही चैन असते. मला पटलं. भागीदाराला पटलं नाही; सीएंना सहा वर्षं जुन्या कार्डावर मिक्सिंग करून बिल लावायचं नसतं, असं तो खाली लिफ्टमध्ये म्हणाला.

अमेरिकेत डब्याची किंमत २,९९९ डॉलरपासून होती, सहा कोरचा घेतला तर ३,९९९. इथे त्यावर कर वगैरे चढून जो आकडा होता त्यात आणि किसणी विकून येणाऱ्या रकमेत ताळमेळ बसेना. शेवटी किसणी विकायची नाही असं ठरलं आणि बरंच सोपं झालं. डबा माझ्या एडिटसाठी. किसणी शेजारच्या केबिनमध्ये, ग्रेडिंगला आणि साउंडला. एचडीएक्स आहे तिथेच राहील, चॅसिसचे पैसे वाचले. त्या पैशांत किसणीसाठी नवं एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणलं. तिथेही मर्यादा होतीच. आत कार्डाला वीज द्यायला सहा पिनांच्या दोनच वायरी, प्रत्येकी ७५ वॉटच्या, आणि स्लॉटमधून आणखी ७५. म्हणजे २२५ वॉटच्या वरचं कार्ड नको. "वाट्टेल ते घाला" असं मोकळं मशीन जगात नसतं, फक्त कुंपण जरा लांब असतं.

सोबत राहायला लागल्यावर काही गोष्टी कळल्या. थंडरबोल्ट २ च्या प्लगला ना स्क्रू ना खिट्टी. एका सकाळी झाडूचा धक्का लागून केबल निसटली, डिस्कचा बॉक्स मशीनवरून गायब झाला आणि रात्रभर चाललेलं एक्सपोर्ट शेवटच्या रिळात आडवं झालं. तेव्हापासून सगळ्या केबली टेबलाच्या पोटाला क्लिपांनी आवळल्या आहेत. डिस्कच्या बॉक्सच्या आवाजाचा प्रश्न मात्र सुटला: लांब ऑप्टिकल केबल घेऊन तो भिंतीपलीकडे ठेवला.

कोल्हापूरच्या एका दिग्दर्शकाला शेवटचा कट घरी बसून करायचा होता. डबा पाठीवरच्या सॅकमध्ये मावला आणि मी रुबाबात निघाले. मागून असिस्टंट डिस्कचा बॉक्स पोटाशी धरून, मॉनिटर काखेत मारून येत होता. "ताई, पुढच्या वेळी तुम्ही बॉक्स घ्या, मी सॅक घेतो."

एप्रिल २०१७ मध्ये भागीदाराने रात्री उशिरा एक बातमी पाठवली, खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची माळ. ॲपलच्या वरिष्ठांनी मोजक्या पत्रकारांना बोलावून सांगितलं होतं की डब्याच्या घडणीने त्यांनाच उष्णतेच्या कोपऱ्यात अडकवलं. दोन मध्यम ग्राफिक्स चिपांवर भार वाटला जाईल असं गृहीत धरून तो त्रिकोण बनवला होता. जग गेलं एकाच दांडग्या, तापट चिपेच्या दिशेने, आणि ती त्या त्रिकोणाच्या एका बाजूला थंड राखणं जमेना. मी त्याला उत्तर पाठवलं की माझ्या एडिटला अजून काही होत नाहीये. ते खरंही होतं. आणि गंमत बघा, २०१८ च्या मोजावे आवृत्तीनंतर किसणीला अधिकृत मॅकओएस मिळणं थांबलं, बंद डब्याला मात्र २०२१ च्या माँटेरी आवृत्तीपर्यंत मिळत राहिलं. वयाने तो धाकटा होता हे मान्य, तरी मी हे भागीदाराला ऐकवायचं सोडलं नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये टॉवर परत आला. जाळी परत, आठ स्लॉट, सुरुवात ५,९९९ डॉलरपासून, आणि खाली चाकं हवी असतील तर त्यांचे वेगळे ४०० डॉलर. आम्ही शोरूममध्ये जाऊन हात लावून आलो.

आता माझ्या टेबलावर मॅक स्टुडिओ आहे, साडेनऊ सेंटिमीटर उंच. ह्यात मेमरी प्रोसेसरच्याच पॅकेजवर, त्यामुळे घेताना जेवढी घ्याल तेवढीच. घेताना आम्ही एक संध्याकाळसुद्धा वाद घातला नाही. भागीदाराचा डोळा मात्र २०२३ च्या मॅक प्रोवर. त्याचा मुद्दा ऐकण्यासारखा आहे, कारण पारडं पूर्ण उलटं झालंय: त्या टॉवरमध्ये सहा स्लॉट मोकळे मिळतात, पण ग्राफिक्स कार्ड त्यात चालतच नाही आणि मेमरीही वाढत नाही. ज्या एका गोष्टीसाठी आम्हाला किसणी हवी होती तीच वजा. उरतं ते आवाजाचं, एसडीआयचं, नेटवर्कचं कार्ड, म्हणजे नेमकं जे बाहेरच्या पेटीत सुखाने राहतं ते. एम २ अल्ट्रा ही तीच चिप स्टुडिओमध्ये ३,९९९ डॉलरला होती, टॉवरमध्ये ६,९९९ ला.

"तीन हजार डॉलरमध्ये किती चॅसिस येतील सांग," मी म्हणते.

"आणि त्यांचे पंखे कोण ऐकणार?" तो म्हणतो.

सध्या त्याचं कार्ड चॅसिसमध्ये आहे, चॅसिस भिंतीपलीकडे माझ्या डिस्कच्या बॉक्सशेजारी, आणि टॉवरचं कोटेशन त्याच्या खणात.