तुम्ही विचारलेत म्हणून : मीटबॉल घरीच का?

मंडळाच्या गणपतीत, मुलांच्या वाढदिवसांना आणि नणंदेच्या प्रत्येक फोनवर गेली चार वर्षे मला एकच प्रश्न विचारला जातो : ग्लुटेन-फ्री मीटबॉल दुकानात तयार मिळतात, तरी दर रविवारी तू टर्कीचा खिमा मळत का बसतेस? आजवर ‘घरचे ते घरचे’ असे म्हणून मी वेळ मारून नेली. ते खोटे नव्हते, पण खरे उत्तरही नव्हते.

लेकीच्या सिलिअ‍ॅक या आजाराविषयी तुम्हाला ठाऊक आहे, तेव्हा गहू, बार्ली आणि राय या धान्यांतले ग्लुटेन हे प्रथिन तिच्या लहान आतड्याला कशी इजा करते ते पुन्हा सांगत नाही. ‘थोडेसे खाल्ले तर काय होते’ या प्रश्नालाही आज उत्तर देणार नाही, कारण ते देताना माझा आवाज चढतो. टर्कीच का, एवढे सांगते. निदान झाले तेव्हा तिचे हिमोग्लोबिन फार उतरलेले होते, आमच्या घरी गोमांस शिजत नाही, आणि शाळेत मैत्रिणींच्या डब्यात जे असते तेच तिला हवे होते. इथे न्यू जर्सीत टर्कीचा खिमा कोणत्याही दुकानात मिळतो. ‘हेल्दी’ म्हणून ९९ टक्के चरबीविरहित, निव्वळ छातीच्या मांसाचा खिमा आणणाऱ्यांनी तो खुशाल आणावा. भाजल्यावर त्याचे खोडरबर होते. मी मांडीच्या मांसाचा खिमा घेते, कारण तो कोरडा पडत नाही आणि त्यात लोहही अधिक असते.

ब्रेडचा चुरा वगळला की गोळा फुटतो, असे सगळे समजतात. खरी अडचण निराळी आहे : चुरा मांसाचा रस धरून ठेवतो आणि तो नसला की गोळा घट्ट, दडदडीत होतो. बदामाची पूड घालून पाहिली, तर गोळे भुसभुशीत झाले. ओट्स चालतात, पण शेतात आणि गिरणीत त्यांच्यात गहू मिसळत असल्याने ग्लुटेन-फ्री असे छापलेलेच घ्यावे लागतात. शेवटी पोह्यांनी काम केले. एक पौंड खिम्याला अर्धी वाटी जाडे पोहे भिजवून कुस्करायचे, त्यात एक अंडे, किसून पिळलेला कांदा, लसूण, कोथिंबीर, मीठ आणि चमचाभर इसबगोल घालायचे. मिश्रण हाताला फार चिकटते, म्हणून ते अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून ओल्या हातांनी लिंबाएवढे गोळे वळते. ४०० अंश फॅरनहाइटला साधारण वीस मिनिटे लागतात, पण मी घड्याळावर भिस्त ठेवत नाही. गोळ्याच्या पोटात थर्मामीटर खुपसून १६५ अंश दिसले की ट्रे बाहेर काढते.

या यादीत पूर्वी आणखी एक जिन्नस होता. टर्कीला एक उग्र वास असतो, तो मारायला मी कांदा परतताना दोन चिमटी हिंग घालत असे.

त्या वर्षी लेक नऊ वर्षांची होती. गहू बंद करून आठ महिने झाले होते. पोळपाट-लाटणे टाकून दिले होते, चाळण्या बदलल्या होत्या, आणि आम्ही सगळेच भाकरीवर आलो होतो. तरीही टीटीजी नावाच्या रक्तचाचणीचा आकडा, जो ग्लुटेन पोटात जात असले की चढा राहतो आणि एव्हाना चांगला उतरायला हवा होता, जवळपास जिथल्या तिथे होता. तिचे पोट अधूनमधून दुखतच होते. हिला बाहेर काहीतरी मिळते आहे, असे डॉक्टर म्हणाले, आणि ‘बाहेर’ हा शब्द मी घट्ट धरून ठेवला. त्या संध्याकाळी मी तिला ओट्यापाशी उभे करून विचारले, ‘खरं सांग, शाळेत कुणाचं काय खाल्लंस?’ ती म्हणाली, ‘काही नाही.’ मी पुन्हा विचारले. मग आवाज चढवून विचारले. ती रडली, पण उत्तर तेच राहिले, आणि तिचा हट्टच तिच्या खोटेपणाचा पुरावा आहे असे मला वाटले. पुढचे तीन आठवडे मी तिचे दप्तर रोज तपासत होते.

मग आहारतज्ज्ञ बाईंची भेट झाली. घरी काय शिजते ते त्यांनी विचारले आणि मी मोठ्या तोऱ्यात मीटबॉलची कृती सांगितली. त्या एकेक जिन्नस लिहून घेत होत्या. हिंगापाशी त्यांचे पेन थांबले. हे काय असते, त्याचे पाकीट दाखवता का, असे त्यांनी विचारले. पाकीट नव्हतेच. हिंग आईने पुण्याहून आणला होता आणि मी तो स्टीलच्या डबीत ओतून ठेवला होता. घरी आल्याबरोबर, तिकडे मध्यरात्र उलटलेली असताना, मी आईला फोन लावला आणि तिच्याकडच्या हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरे वाचायला सांगितली. तिने चष्मा शोधला. ‘गव्हाचं पीठ,’ तिने वाचले, ‘खाण्याचा डिंक, आणि मग हिंग. का गं, काय झालं?’ मी म्हणाले, ‘काही नाही, असंच.’

बाजारातला बांधानी हिंग निव्वळ हिंग नसतो. त्याचा उग्रपणा आवरण्यासाठी त्यात पीठ आणि डिंक घालतात, आणि ते पीठ बहुधा गव्हाचे असते. वरणात, उसळीत, मीटबॉलमध्ये, रोज, माझ्याच हाताने ते जात होते. लेकीला सांगितले तेव्हा ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, ‘म्हणजे तू होतीस.’ यापुढे मला काही बोलता आले नाही. मी माफी मागितली, पण तिला त्या वेळी झोप आली होती.

हिंग बंद झाल्यावर आकडा उतरला, हळूहळू का होईना. आईला मी अजूनही सांगितलेले नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. इथे पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचे तर त्यात ग्लुटेन दहा लाख भागांत २० भागांपेक्षा कमी असावे लागते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तो नियम २०१३ साली केला. त्या आठ महिन्यांत मी तयार पाकीट आणले असते, तर निदान त्या डब्यापुरती तरी लेक माझ्यापासून सुरक्षित राहिली असती. तेव्हा तुम्ही बरोबर होतात आणि ‘आईच्या हातचे’ म्हणत मिरवणारी मी चूक होते. पण चूक हिंगाची होती, घरी करण्याची नव्हती, असे मी लगेच स्वतःला बजावते; आणि मग आठवते की डबीत ओतून पाकीट फेकून देणे हीसुद्धा घरचीच पद्धत होती. आता माझ्याकडे काहीही डब्यात ओतले जात नाही. सगळी पाकिटे चिमटे लावून फळीवर उभी असतात, आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना तो पसारा वाटतो.

गेल्या महिन्यात लेकीने स्वतःहून तयार मीटबॉलचे पाकीट मागितले. लेबल तिनेच दोनदा वाचले. सहा खाल्ले, काहीही झाले नाही, आणि ‘हे पण चांगले आहेत,’ असे ती म्हणाली. मला हायसे वाटले की वाईट वाटले, हे मी अजून ठरवलेले नाही. उरलेले पाकीट फ्रीजरमध्ये आहे, आणि खाली फ्रिजमध्ये या रविवारसाठी दोन पौंड खिमा सुटायला ठेवला आहे.